पासवर्ड बरोबर, तरी ‘लॉगिन इनकरेक्ट’

प्रश्न : आमच्या अभ्यासिकेत उबंटूचा संगणक आहे. अपडेट चालू असतानाच लाईट गेली. आता नुसती काळी स्क्रीन येते. युजरनेम घेते, पण पासवर्ड टाकताना एक अक्षर उमटत नाही आणि एंटर दाबलं की ‘लॉगिन इनकरेक्ट’. पासवर्ड रोजचाच, त्यात @ आणि आकडे आहेत. सरळ विंडोज टाकू का? – एक वाचक, उदगीर

उत्तर : दादा, ती घाई करू नका. पोरांच्या नोट्स त्याच डिस्कवर असतील, त्या जातील.

अक्षर न उमटणं हा बिघाड नाही. शेजारच्याला पासवर्डची लांबीही कळू नये म्हणून टर्मिनलची, म्हणजे अशा नुसत्या अक्षरांच्या काळ्या स्क्रीनची, ती जुनी रीत आहे. ‘युजरनेम घेते’ म्हणता, पण तिथे काहीही टाकलं तरी पुढे पासवर्ड विचारतातच. दोन्हींपैकी काय चुकलं, ते मुद्दाम सांगत नाहीत. तेव्हा युजरनेमचं स्पेलिंग आधी तपासा. एरवी स्क्रीनवर दिसतं ते पूर्ण नाव इथे चालत नाही.

मला मात्र दाट संशय आहे तो @ चा. ‘लॉगिन’पुढे अक्षरं दिसतात ना, तिथेच @ आणि आकडे तेवढे दाबून बघा. एंटर दाबू नका, बॅकस्पेसने पुसून टाका. @ ऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह आलं, तर कीबोर्ड ब्रिटिश मांडणीवर आहे. रोजच्या डेस्कटॉपची मांडणी वेगळी आणि काळ्या स्क्रीनची वेगळी असू शकते, म्हणूनच तोच पासवर्ड तिकडे चालायचा. ब्रिटिश मांडणीत @ साठी शिफ्ट धरून एंटरजवळचं अवतरणचिन्हाचं बटण दाबा. आकडे उजवीकडच्या पॅडवरून टाकत असाल तर नम लॉक बंद असेल. वरच्या ओळीतलेच वापरा. कॅप्स लॉकही बघून घ्या.

आत शिरलात की पहिल्यांदा ‘sudo dpkg --configure -a’ (सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए) ही कमांड चालवा. लाईट गेल्यामुळे अर्धवट राहिलेलं अपडेट त्याने पुरं होतं. बहुतेक डेस्कटॉपही परत येईल. कीबोर्डची मांडणी नंतर सावकाश बदला.

एवढं करूनही दार उघडलं नाही, तरच ग्रबमधून, म्हणजे संगणक सुरू होताना येणाऱ्या निवडीच्या यादीतून, रिकव्हरी (दुरुस्तीच्या) मोडमध्ये जाऊन नवा पासवर्ड द्या. फाइली जागेवरच राहतील. फक्त ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उघडताना जुनाच पासवर्ड मागितला जाऊ शकतो, तो लिहून ठेवा.