गट मोडावा की थांबावे?

प्रश्न : मी एका तंत्रनिकेतनात शिकवते. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी विभागाने हजेरी क्रमांकानुसार चार-चार जणांचे गट पाडले आणि त्यांतील पाच गट मार्गदर्शनासाठी माझ्याकडे आले. पहिले दोन आठवडे सारे गोडीगुलाबीने चालले होते. आता दोन गटांत रोज खटके उडत आहेत आणि ‘मॅडम, गट बदलून द्या’ असा आग्रह सुरू झाला आहे. तिसऱ्या गटात एकच मुलगा राबतो आणि बाकीचे तिघे केवळ सह्या करतात, अशी त्या मुलाची तक्रार आहे. गट नव्याने पाडावेत का?
– एक अध्यापिका

उत्तर : तूर्त पाडू नका. तुम्हाला जे बिघडल्यासारखे वाटते आहे, ते बहुतेक गटांच्या वाटचालीत येतेच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये, छोट्या गटांविषयीच्या ५० लेखांचा आढावा घेऊन, गटाच्या घडणीचे चार टप्पे मांडले. फॉर्मिंग (एकत्र येणे), स्टॉर्मिंग (खटके उडणे), नॉर्मिंग (आपसांत नियम ठरणे) आणि परफॉर्मिंग (नेटाने काम करणे) ही त्यांची नावे व्यवस्थापनाच्या वर्गांत आजही घोकली जातात. मात्र त्या लेखांत भर होता तो मानसोपचारासाठी एकत्र आणलेल्या गटांवर; सबमिशनची तारीख डोक्यावर असलेल्या विद्यार्थ्यांवर नव्हे. त्यामुळे हे टप्पे वेळापत्रकासारखे वापरू नयेत, परंतु सुरुवातीची गोडी म्हणजे एकी नव्हे, एवढे त्यांतून नक्की घ्यावे. त्या दिवसांत मुले एकमेकांना जोखत असतात आणि प्रत्येक गोष्टीसाठी गाइडच्या तोंडाकडे पाहत असतात. पुढच्या वर्षी याच काळात प्रत्येक गटाला दोन दिवसांत संपणारे एखादे छोटे काम द्या, उदाहरणार्थ, लागणाऱ्या सुट्या भागांचे बाजारभाव काढून आणणे. कोण वेळ पाळतो आणि कोण नुसतीच मान डोलावतो, हे मोठे काम अंगावर पडण्याआधीच त्यांना कळेल.

भांडणाऱ्या दोन गटांना वेगवेगळे बोलवा, मात्र गटातील चौघांना एकत्रच बसवा. एकेकट्याची तक्रार ऐकत बसलात, तर तुम्ही नकळत न्यायाधीश व्हाल. वाद कामावरून आहे की माणसावरून, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. पुष्कळदा मूळ अगदी साधे निघते : संध्याकाळी थांबायचे ठरते, पण एकाला गावाकडची शेवटची एसटी गाठायची असते, तो तसे सांगत नाही आणि उरलेले तिघे त्याला कामचुकार ठरवतात. अशा वेळी भेटीची वेळ, खर्चाची वाटणी, न येणाऱ्याने कोणाला व केव्हा कळवायचे आणि मतभेद झाल्यास निर्णय कसा घ्यायचा, हे त्यांनी स्वतः एका कागदावर लिहावे आणि चौघांनी खाली सह्या कराव्यात. मजकूर तुम्ही सांगू नका. सांगितलात तर तो तुमचा नियम होईल. मात्र प्रकल्पाच्या विषयावरून किंवा पद्धतीवरून वाद असेल, तर तो मिटवण्याची घाई करू नका. दोन्ही बाजूंना आपापला आराखडा मांडायला लावा.

तिसऱ्या गटाचा प्रश्न निराळा आहे. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमन यांच्या दोर ओढण्याच्या प्रयोगांत, गटात माणसे वाढतील तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला. आठ जणांच्या गटात तो एकट्याच्या ताकदीच्या जेमतेम निम्म्यावर आला. त्यात ताळमेळ न जमण्याचा भाग होता, तसाच आळसाचाही. पुढील संशोधनात असे आढळले, की आपला वाटा वेगळा ओळखला जाणार हे कळले की अंगचोरपणा कमी होतो. म्हणून प्रकल्पाच्या नोंदवहीत प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचे नाव लिहायला लावा आणि रिव्ह्यूच्या वेळी कोणी बोलायचे, हे आयत्या वेळी तुम्ही ठरवा. त्या राबणाऱ्या मुलाकडेही जरा तिरक्या नजरेने पाहा. ‘यांना जमणार नाही’ म्हणून त्यानेच तर सारे काम ओढून घेतले नाही ना?

धमकी, छळ किंवा जात वा लिंग यांवरून अपमान होत असल्यास यातले काहीही करत बसू नका. ती बाब त्याच दिवशी विभागप्रमुखांकडे आणि संबंधित समितीकडे न्या. एरवी मात्र एकही विद्यार्थी इकडचा तिकडे केला, तरी दोन्ही गटांना पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करावी लागते. त्यामुळे, दोन-तीन आठवडे हे उपाय करूनही बदल अटळच वाटला, तर तो पहिल्या रिव्ह्यूच्या आत करा.