ल्यूटगाण्यातला शोक पेटीवर

प्रश्न : भजनी मंडळात पेटी वाजवतो. जुनी इंग्रजी ल्यूटगाणी (ल्यूट या छेडून वाजवायच्या युरोपीय तंतुवाद्याच्या साथीची गाणी) ऐकली. चाल साधीच, पण मागच्या सुरांनी गलबलून आलं. पेटीवर हे कसं काढायचं?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : इंग्रज संगीतकार जॉन डाऊलंडचं १६०० साली छापलेलं ‘फ्लो माय टिअर्स’ घ्या. सुरुवात अशी : मध्य सा, मग मंद्रातले (खालच्या सप्तकातले) कोमल नी, कोमल ध, प. तिथून एकदम वर कोमल गवर उडी आणि पुन्हा चार पायऱ्या खाली : ग, रे, सा, शुद्ध नी. आसावरी थाट (ग, ध, नी कोमल) म्हणून हात बसतो न बसतो तोच हा शुद्ध नी येतो. आत्ताच कोमल नी वाजून गेलेला असतो, म्हणून तो खुपतो. खुपू द्या.

खरी मेख मात्र रेंगाळणाऱ्या सुरात आहे. सा, कोमल ग, प हे तीन सूर चौथ्या मात्रेला एकत्र दाबा. समेवर सा तसाच धरून ग आणि प सोडा, मंद्र प आणि रे दाबा. सा-रे शेजारी, त्यामुळे खरखर होते. दुसऱ्या मात्रेला फक्त सा उतरून मंद्र शुद्ध नीवर आणा, गाठ सुटते. ही खरखर समेवरच हवी, नाहीतर ऐकणाऱ्याला बोट चुकलं असंच वाटेल. सा आधीपासून वाजत असणंही तितकंच गरजेचं.

भजनात सा-प धरून ठेवायची आपल्याला सवय असते. इथे तीच नडते. सा खाली वाजतच राहिला तर नीवर उतरूनही सुटका होत नाही. शिवाय ल्यूटची छेडलेली तार विरत जाते, पेटीचा सूर विरत नाही. म्हणून समेनंतर भाता किंचित हलका करा.

प्रश्न : ल्यूट मिळत नाही, गिटारवर चालेल का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : चालेल. तिसरी तार अर्धा स्वर उतरवा आणि कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) तिसऱ्या पट्टीवर (फ्रेटवर) लावा. ल्यूटच्या तारांच्या वरच्या सहा जोड्यांची जुळणी मिळते. मग इंग्रजी ल्यूटची अक्षरी लिपी थेट वाचता येते : ‘ए’ म्हणजे मोकळी तार, ‘बी’ पहिली पट्टी. पट्ट्या कॅपोपासून मोजा. ओळखीचे गिटारचे कॉर्ड धराल तर तिसरी तार बेसूर वाजेल, बोटं नव्याने बसवावी लागतील. तारा नायलॉनच्याच घ्या, आणि मे महिन्यात दर गाण्याआधी सुरात लावा.