मुलाचा बुद्ध्यांक ११८ आलाय, तो आयुष्यात यशस्वी होईल का?

तुम्ही लिहिलंय, मुलगा सात वर्षं अकरा महिन्यांचा, बुद्धिमत्तेची चाचणी बिने-कामत. आधी तो ११८ येतो कसा ते बघा.

या चाचणीत लहान वयाच्या प्रत्येक पातळीला सहा प्रश्न असतात, बरोबर उत्तराला दोन महिने. सगळे प्रश्न येतात तिथून मोजायला सुरुवात, एकही येत नाही तिथे थांबायचं. सगळे प्रश्न आले त्या पातळीचं वय अधिक पुढे जमलेले महिने म्हणजे मानसिक वय. त्याला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणायचं. तुमच्या मुलाचं वय ९५ महिने, मानसिक वय ११२, म्हणून ११८. दोन प्रश्न हुकले असते तर १०८ भागिले ९५, म्हणजे ११४. चष्मा घरी राहिला, रात्री झोप झाली नाही किंवा घरी मराठी असलेल्या मुलाला हिंदीत विचारलं, की दोन प्रश्न सहज जातात. म्हणून ११८ हा ११३ ते १२३ असाच वाचावा. त्यात कामत चाचणीची प्रमाणकं, म्हणजे कुठल्या वयाला सरासरी किती येतं याचे तक्ते, कित्येक दशकं जुनी, आणि जुन्या प्रमाणकांवर आकडा फुगतो.

एकच आकडा हातात देणाऱ्या रिपोर्टची मला चीड आहे. नागपूरच्या मालिन यांच्या १९६९ च्या चाचणीत शाब्दिक आणि क्रियात्मक (हाताने करून दाखवायच्या कामांचे) गुण वेगळे मिळतात. शाब्दिक १२५ आणि क्रियात्मक ९९ असेल, तर ११२ ही सरासरी त्या मुलाबद्दल काहीच सांगत नाही. ठोकळ्यांची नक्षी छान, पण ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणताना अडखळतो, हे कळलं तर शिकवणीत काही बदल करता येतो.

आता यश. कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ पासून साधारण दीड हजार हुशार मुलं निवडली, बहुतेक १३५ च्या वरची, आणि आयुष्यभर त्यांचा माग ठेवला. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोघांना चाळणीत नाकारलं. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये. निवडलेल्यांपैकी एकालाही नाही. यावरून "चाचण्या थोतांड" म्हणणाऱ्यांनी उड्या मारू नयेत. निवडलेल्यांतले बरेच जण प्राध्यापक, वकील, डॉक्टर झाले. अर्थात बहुतेकांची घरंही सुस्थितीतली होती, आणि टर्मन स्वतः त्यांना शिफारसपत्रं देत, हेही मोजायला हवं.

शाळेतल्या गुणांशी बुद्ध्यांकाचा सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने कमी-जास्त होतात याचं माप) साधारण ०.५. त्याचा वर्ग ०.२५, म्हणजे गुणांमधल्या फरकाचा पाव हिस्साच बुद्ध्यांकाशी जोडता येतो. कमाईशी त्याहून बराच कमी. आणि सगळेच चाळणीतून आलेले असतील, उदाहरणार्थ आयआयटीचा वर्ग, तर तिथे बुद्ध्यांकावरून पुढचा-मागचा ओळखणं जवळपास अशक्य, कारण सगळे एकाच टोकाला जमलेले.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर नाही. कुठल्या प्रकारच्या प्रश्नांत किती जमलं, ते लेखी मागून घ्या. वर्षाच्या आत तीच चाचणी पुन्हा देऊ नका, सरावाने गुण वाढतात. अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यासाठी चाचणी केली असेल तर मात्र आकड्याला महत्त्व आहे, तिथे मी वर केलेली कुरकुर बाजूला ठेवा.

आणि घरच्या ग्रुपवर "आइन्स्टाइनचा बुद्ध्यांक १६०" असं कुणी पाठवलं, तर त्यांना विचारा, त्याने कुठली चाचणी दिली होती? अशी कुठलीही नोंद नाही.