गुणगुण थांबवायला एक लाख पासष्ट हजार?

प्रश्न : मी फोंडा तालुक्यात राहतो, वय ४६, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत खासगी नोकरी. हातात पगार ८२ हजार. गृहकर्जाचा हप्ता २१ हजार, घरखर्च ३४ हजार, एसआयपी १० हजार. बँकेत २ लाख ४० हजारांची एफडी. मुलगी पुढच्या वर्षी बारावीला. गेल्या सहा-सात वर्षांत हळूहळू करून अॅम्प्लिफायर, स्पीकर, डॅक (डिजिटल गाणं अॅम्प्लिफायरला समजेल असं करून देणारं यंत्र) आणि रेकॉर्ड प्लेअर अशी सुमारे चार लाखांची सिस्टीम जमवली. संध्याकाळी व्होल्टेज १९५ पर्यंत उतरतं, आवाजात जीव राहत नाही, आणि रेकॉर्ड लावली की मागे बारीक गुणगुण असते. विक्रेत्याने १ लाख ६५ हजारांचा पॉवर कंडिशनर, म्हणजे सिस्टीमला जाणारी वीज स्वच्छ करणारं यंत्र, सुचवला आहे. दुकानात ऐकला, फरक वाटला. एफडी मोडू की बारा महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यावर घेऊ? घरात म्हणतात, ‘तुमचं तुम्ही ठरवा.’

उत्तर : सप्रेम नमस्कार. ‘तुमचं तुम्ही ठरवा’ याचा अर्थ तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणून त्यावर काही लिहीत नाही. तुम्ही दोन वाटा विचारल्यात. माझं उत्तर असं, की सध्या दोन्ही नकोत. पण ‘छंद सोडा’ असं सांगायला मी बसलेलो नाही. माझ्याही घरी रविवारी सकाळी नाट्यसंगीत लागतं, आणि त्यासाठी मीही नको तेवढे पैसे घातलेत.

आधी हिशेब. पगारातून हप्ता, घरखर्च आणि एसआयपी वजा जाता उरतात १७ हजार. कंडिशनरचा महिन्याचा हप्ता १३,७५०. हाती राहिले सव्वातीन हजार, आणि मध्ये गणपतीची चवथ यायची आहे. माटोळीपासून मखरापर्यंतचा खर्च सव्वातीन हजारांत बसवून दाखवा, मी मानेन. बिनव्याजी हप्ताही तितकासा बिनव्याजी नसतो. बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट देऊन ते झाकतो, आणि हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या माथी येतो. वर प्रोसेसिंग फी असली तर ती वेगळी. दुकानात एकच विचारा, ‘रोख दिले तर कितीला?’ किंमत पटकन उतरली तर व्याज कुठे लपलं होतं ते कळेल.

एफडीचं म्हणाल तर तिला मी बचत म्हणत नाही. खासगी नोकरीवाल्याचा तो आडवेळचा पैसा. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ५५ हजार लागतात. म्हणजे २ लाख ४० हजार साडेचार महिनेही पुरत नाहीत. मी सहा महिन्यांचा आग्रह धरतो. त्यातून १ लाख ६५ हजार काढले तर उरलेले ७५ हजार जेमतेम चाळीस दिवसांचे. मुलगी बारावीनंतर पुण्याला जाणार म्हणाली, तर त्या चाळीस दिवसांचेही वीस होतील.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं : ‘रेकॉर्ड लावली की’ गुणगुण असते. डॅकवरून ऐकताना ती नसेल, तर दोष भिंतीतल्या विजेत शोधण्याआधी रेकॉर्ड प्लेअरच्या मागे बघा. तिथून एक बारीक सुटी वायर अॅम्प्लिफायरच्या पाठीवरच्या स्क्रूला जाते, ती ग्राउंडची. आपल्या हवेत त्या स्क्रूवर वर्षा-दोन वर्षांत हिरवट गंज धरतो. स्क्रू सोडवा, वायरचं टोक बारीक पॉलिश पेपरने घासा, पुन्हा घट्ट आवळा. खर्च शून्य. माझ्याकडची गुणगुण वेगळीच निघाली होती. टीव्हीचा आवाजही अॅम्प्लिफायरवर घेतला होता, आणि केबलची वायर सेट टॉप बॉक्समधून स्वतःचं वेगळं अर्थिंग घेऊन यायची. ती वायर उपसली, आवाज बंद. त्याआधी मी महागड्या केबलवर अकरा हजार घालवून बसलो होतो, हे घरात अजून पुरतं माहीत नाही.

व्होल्टेजबद्दल विक्रेत्याने तुम्हाला सांगायला हवं होतं, ते मी सांगतो. बहुतेक पॉवर कंडिशनर म्हणजे गाळण्या. लाइनवरचा कचरा अडवतात, अचानक आलेला झटका पोटात घेतात. १९५ चे २३० करणं हे त्यांचं काम नव्हे, ते स्टॅबिलायझरचं. वीज नव्याने घडवून देणारी यंत्रं असतात, पण तुमचं ते आहे का, हे कागदावर लिहून मागा. शिवाय अॅम्प्लिफायर भिंतीतली वीज थेट वापरत नाही. ट्रान्सफॉर्मरने उतरवतो, डायोडांनी एका दिशेची करतो, मोठ्या कपॅसिटरांत साठवतो आणि मग कामाला लावतो. एक गाळणी त्याच्या पोटातच असते. बरी बनावट असेल तर बाहेरच्या गाळणीला फारसं काम उरत नाही. आणि केसरबाई केरकरांच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवरून उतरवलेल्या ध्वनिमुद्रणात जी खरखर ऐकू येते, ती मूळ तबकडीतलीच आहे. ती कुठल्याही कंडिशनरने जायची नाही.

आता खरी गोष्ट, जिच्यावर खर्च करायला मी हो म्हणेन. फोंड्याकडचं म्हणजे तुमचं घर चिऱ्याचं असणार, जमीन जांभ्याची. जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडतो आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता राहतो. अशा घरात गाळणी बसवली, तर तिच्यातले कपॅसिटर ज्या अर्थकडे थोडी वीज गळू देतात तो अर्थच जागेवर नसतो. मग अॅम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीला हात लावला की मुंग्या येतात, आवाज सुधारायचा राहिला बाजूला. झटका अडवणाऱ्या भागालाही तो झटका जमिनीत सोडायला वाट हवी असते.

पावसाळ्यात माडाचं चुडत, म्हणजे झावळी, तारेवर पडलं की नुसती लाईट जाते असं नाही. न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटला तर एका फेजवरच्या घरात २३० च्या जागी ३५०, कधी जवळपास ४०० व्होल्ट येऊ शकतात. आमच्या वाड्यावर एका जुलैत हे झालं. चार घरांचे फ्रिज आणि दोन टीव्ही एका रात्रीत गेले. साधी गाळणी अशा वेळी स्वतःच जळते.

म्हणून चांगल्या वायरमनला बोलवा. नवा अर्थ खड्डा, मीटरबोर्डापाशी सर्ज, म्हणजे विजेचा अचानक झटका, रोखणारं उपकरण, आणि व्होल्टेज फार चढलं-उतरलं की लाइन तोडणारा रिले, हे सगळं करून घ्या. पंधरा हजारांचं बजेट धरा, उरलेल्या १७ हजारांपैकी एका महिन्याच्या पैशांत निघेल. यात फ्रिज, पंप, इन्व्हर्टर सगळंच सांभाळलं जातं. विजांच्या गडगडाटात मात्र सिस्टीमचा प्लग हातानेच काढा, त्याला तोड नाही. घराच्या विम्यात विजेच्या बिघाडाने जळलेल्या उपकरणांचा भाग वेगळा घ्यावा लागतो का, तेही पॉलिसी काढून एकदा बघा.

एवढं करूनही मन कंडिशनरमध्येच अडकलं, तर छंदाची वेगळी आरडी उघडा, महिना चार हजारांची. दोन वर्षांत ९६ हजार आणि वर व्याज, म्हणजे निम्म्याहून जास्त रक्कम. तोपर्यंत मुलीचं पुढचं ठरलेलं असेल. मग विक्रेत्याला यंत्र आठ दिवस घरी ठेवू द्यायला सांगा. दुकानात ऐकलेला फरक दुकानाच्या खोलीतला, तुमच्या लादीच्या आणि उघड्या भिंतींच्या खोलीतला नाही. घरी मुलीला कामाला लावा : तुम्ही पाठमोरे बसा, तिने न सांगता कधी कंडिशनरवर, कधी थेट प्लगवर सिस्टीम लावावी, आवाजाची पातळी तीच ठेवावी, आणि दहा वेळा तुमचं उत्तर लिहून घ्यावं. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ बरोबर येणं शंभरात एखाद्या वेळीच घडतं. नऊ आले तर खुशाल घ्या, मी आडवा येणार नाही. पाच-सहा आले तर ते पैसे खोलीत जाड गालिचा आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट आणण्यात घाला. लादीवर आपटून परतणारा आवाज त्याने लगेच कमी होईल, आणि घरात त्याला कोणी नावंही ठेवणार नाही.

स्क्रू आवळून झाला की गुणगुण राहिली की गेली ते कळवा. अर्थिंगचं माप मात्र मे महिन्यात घ्यायला लावा. पावसाळ्यात कोणी मीटर लावून दाखवलं तर भुलू नका, ओल्या मातीत कुठलंही अर्थिंग चांगलंच दिसतं.