पत्रकारितेच्या नव्या प्राध्यापकांसाठी

आपण यंदा प्रथमच पत्रकारिता शिकवणार आहात, म्हणून विद्यार्थ्यांच्या पुढील वाटचालीविषयी मनापासून एक सुचवतो. पहिल्या सत्रातच प्रत्येक विद्यार्थ्याला माहिती अधिकाराचा एक अर्ज स्वतः करायला लावा. २००५ च्या या कायद्यानुसार शुल्क अवघे १० रुपये आहे आणि उत्तर सामान्यतः ३० दिवसांत मिळायला हवे. शिवाय महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा अशी अपेक्षा असल्याने, नेमका प्रश्न विचारण्याची सवय, जी वर्गातल्या व्याख्यानांनी सहसा लागत नाही, ती इथे आपोआप लागते. उत्तर आले नाही, तर प्रथम अपील करायला शिकवा. माझ्या मते खरा वार्ताहर तिथेच घडू लागतो.

विद्यार्थ्याची बातमी तपासताना ती स्वतः पुन्हा लिहून देऊ नका. समासात प्रश्न लिहा: हे कोणी सांगितले, कागद कुठे आहे, दुसऱ्या बाजूला विचारले का? यात वेळ फार जातो, पण तो द्यावाच.

नोकरीसाठी शिफारसपत्रापेक्षा प्रसिद्ध झालेल्या बातम्यांची कात्रणे अधिक उपयोगी पडतात. जिल्हा आवृत्त्यांच्या संपादकांशी आपला परिचय ठेवा आणि ग्रामीण भागातून आलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांची नावे त्यांना आधी सुचवा, कारण गावाकडची पाणीयोजना, पीकविमा आणि बाजार समिती यांची त्यांना असलेली जाण शहरातल्या वर्गात सहसा कोणी विचारात घेत नाही.