बुडणारं पोर हाक मारत नाही

प्रश्न : सुट्टीत माझा नऊ वर्षांचा मुलगा मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकतोय. पाठीला डबा बांधतात, काठावर चार मोठी माणसं असतात. तरीही जीव लागत नाही. पोर बुडायला लागलंय हे ओळखायचं कसं? – एक आई, वडणगे

उत्तर : आरडाओरड होईल, हात हलवील, याची वाट बघू नका. तोंड पाण्यावर येतं तेवढ्या क्षणात जेमतेम श्वास घेता येतो, ओरडायचं कुठून? डोकं मागं कललेलं आणि तोंड पाण्याच्या पातळीला दिसतं. केस डोळ्यांवर आले तरी ते बाजूला सारत नाही. अंग पाण्यात उभं, पाय जवळपास थांबलेले, दोन्ही हात बाजूला पसरून पाणी खाली दाबतात. लांबून बघणाऱ्याला पोर खेळतंय असंच वाटतं. हे साधारण 20 ते 60 सेकंद चालतं, मग पोर खाली जातं. शंका आली की विचारा, 'काय रे, बरा आहेस का?' उत्तर आलं नाही तर त्याच क्षणी हलायचं.

काठावरच्या चौघांपैकी प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. म्हणून एकालाच नाव घेऊन सांगा : पंधरा मिनिटं तू, मग मी. त्या वेळात मोबाईल नाही, गप्पा नाहीत. आणि न पोहता येणाऱ्या पोराजवळ पाण्यातच, हात पोचेल इतक्या अंतरावर, पट्टीचा पोहणारा हवा.

डबा रोज तपासा. गंजून बारीक भोक पडलं किंवा झाकण सैल असलं की आत पाणी शिरतं. दोरी छातीभोवती घट्ट हवी. ती कमरेकडे घसरली तर डबा कंबर वर उचलतो आणि डोकं पाण्यात जातं. कुणी पाण्यात उतरायच्या आधी गाठी मारलेला जाड दोर झाडाला बांधून विहिरीत सोडा.

प्रश्न : बंधाऱ्याजवळ पाणी कमरेएवढंच दिसतं. तिथं पोरांना सोडावं का? – एक पालक, कसबा बावडा

उत्तर : नाही. बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या दोन खांबांमध्ये पाणी अडवायला लावलेल्या फळ्या, काढलेल्या गाळ्याकडे पाणी जोरात ओढतं आणि अंग तिथं अडकतं. खालच्या बाजूला पडणारं पाणी उलटं फिरून भिंतीकडेच परत आणतं. तिथल्या फेसात हवा मिसळलेली असल्यानं अंग नीट तरंगतही नाही. पट्टीचे पोहणारेही यात सापडतात.

प्रश्न : पोर बुडताना दिसलं तर आधी काय करायचं? – एक वाचक, कळंबा

उत्तर : लगेच उडी टाकू नका, घाबरलेला माणूस मिठी मारतो आणि दोघंही जातात. काठावर पालथं झोपून काठी किंवा साडी पुढं करा. लांब असेल तर पाच लिटरच्या कॅनला दोर बांधून फेका. कॅनमध्ये थोडं पाणी ठेवून झाकण घट्ट लावलं तर तो वाऱ्यानं भरकटत नाही.

बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबणं अजिबात नको. उलटी होऊन ती फुप्फुसात जाते आणि वेळही जातो. श्वास नसेल तर एकानं 108 ला फोन करावा. दुसऱ्यानं नाक चिमटीत धरून तोंडानं पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध 30 दाब, दोन श्वास, पुन्हा 30 दाब. दाब साधारण 5 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 या गतीनं. श्वास सुरू होईपर्यंत किंवा मदत येईपर्यंत थांबायचं नाही. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. पोर शुद्धीवर आलं तरी खोकला, धाप किंवा गुंगी राहिली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.