दुपारी २४८ व्होल्ट दिसत असतील तर आधी केबल बघा, पॅनल नंतर

तुम्ही विचारलंय की गच्चीवरच्या ५ किलोवॉट सोलरच्या दोन कोटेशनपैकी कुठलं घ्यावं, स्ट्रिंग इन्व्हर्टरचं (पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारं, सगळ्या पॅनलना मिळून एकच यंत्र) की मायक्रोइन्व्हर्टरचं (पॅनलपाशीच बसणारी तशी छोटी यंत्रं). पण जाता जाता जे लिहिलंय त्यावर माझी नजर अडकली: सिंगल फेज कनेक्शन, मीटर फाटकाजवळ, तिथून घरापर्यंत ३० मीटर ४ चौरस मिमीची जुनी तांब्याची केबल, आणि दुपारी स्टॅबिलायझरवर २४८ व्होल्ट. हेच दुखणं आम्ही भोगलंय, म्हणून पॅनलच्या कंपन्या, वॉरंटी वगैरेंवर काही लिहीत नाही. ती माहिती कुठेही मिळेल.

ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेल्या इन्व्हर्टरला वीज बाहेर ढकलायची तर स्वतःचं व्होल्टेज लाइनपेक्षा थोडं वर न्यावं लागतं. केबल जितकी बारीक आणि लांब, तितकं जास्त वर. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात वरची मर्यादा बऱ्याच ठिकाणी १० टक्के, म्हणजे २५३ व्होल्ट असते (तुमच्याकडचा आकडा ग्रिडच्या नियमांत बघून घ्या). ती ओलांडली की इन्व्हर्टर स्वतःला तोडतो, काही मिनिटं थांबतो, पुन्हा जोडतो, पुन्हा तुटतो. आणि हे नेमकं कडक उन्हात, भर दुपारी होतं. सकाळ-संध्याकाळ सगळं सुरळीत, त्यामुळे महिन्याचं एकूण उत्पादन बघून काही कळत नाही. दिवसाचा आलेख उघडला तर दुपारी करवतीच्या दातांसारख्या रेघा दिसतात. काही इन्व्हर्टर तुटत नाहीत, व्होल्टेज वाढलं की गुपचूप पॉवर कमी करतात. तेव्हा आलेखाचा माथा सपाट दिसतो आणि माणूस म्हणतो, पॅनलवर धूळ बसली असेल.

तुमचाच हिशोब करू. ५ किलोवॉट म्हणजे २५० व्होल्टला २० अँपिअर. ४ चौरस मिमी तांब्याचा रोध किलोमीटरला ४.६ ओहमच्या आसपास. जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे ०.२८ ओहम. नुसत्या या केबलमध्ये साडेपाच व्होल्ट चढले. २४८ मध्ये मिळवा, २५३.५ झाले, म्हणजे मर्यादा ओलांडली. खांबापासून मीटरपर्यंतची वायर अजून धरलेलीच नाही. तीच केबल १० चौरस मिमीची असती तर सव्वादोन व्होल्ट चढले असते, १६ ची असती तर दीडच्या आत. मीटरनंतरची केबल साधारणपणे घरमालकाची असते, तेव्हा ती बदलायला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. पॅनलच्या आधी हा खर्च करा असं माझं स्पष्ट मत आहे.

सही करण्याआधी एक चाचणी करा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी बारा ते दोनच्या मध्ये घरातला जड लोड बंद ठेवा. एखाद्या सॉकेटमध्ये मल्टीमीटर लावा, आकडा लिहा. मग दुसऱ्या सर्किटवरचा २ किलोवॉटचा हीटर लावा (त्याच सर्किटवर लावलात तर घरातल्या वायरिंगची घट त्यात मिसळेल) आणि पुन्हा आकडा घ्या. लाइन स्वतःहूनही हलत असते, म्हणून चारपाच वेळा करून सरासरी काढा. हीटर साधारण ९ अँपिअर ओढतो. समजा साडेतीन व्होल्ट घटले, तर २० अँपिअर उलट दिशेने ढकलताना जवळपास ८ व्होल्ट चढतील. हा आकडा खांबापर्यंतच्या सगळ्या वायरींसकट असतो, म्हणून केबलच्या कागदी हिशोबापेक्षा खरा. तो दुपारच्या रिकाम्या, म्हणजे हीटर लावण्याआधीच्या, व्होल्टेजमध्ये मिळवा. मर्यादेच्या ३ व्होल्ट खाली राहत नसेल तर सिस्टिम आहे तशी बसवू नका. मल्टीमीटर हाताळायची सवय नसेल तर हे इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. हीटर लावल्यावर एकदम दहाबारा व्होल्ट पडले, किंवा दिवे कमी-जास्त होत असतील, तर मीटरच्या टर्मिनलवरचा सैल जोड किंवा न्यूट्रल (परतीची वायर) तपासायला सांगा. तिथे सोलरचा प्रश्न नंतरचा, आगीचा आधी.

मायक्रोइन्व्हर्टरने हा त्रास जाईल असं तुम्हाला सांगितलंय, ते खोटं आहे. तेही त्याच लाइनवर वीज ढकलतात, तीच मर्यादा पाळतात, उलट गच्चीवरून खाली येणारी त्यांची एसी केबल आणखी थोडं व्होल्टेज चढवते. त्यांचा उपयोग काही पॅनलवर सावली पडत असेल तेव्हा. टाकीची सावली दुपारी तीननंतर दोन पॅनलवर येते म्हणता, तर आधी ते दोन पॅनल हलवता येतात का बघा. पॅनलच्या वर दीड मीटर उंच असलेल्या टाकीची सावली सूर्य ३० अंशांवर असताना २.६ मीटर पडते. मोजमाप सर्वांत लहान दिवसांच्या महिन्यात करा, इतर वेळी केलेलं फसवतं.

थ्री फेज कनेक्शन मिळत असेल तर मात्र जरूर घ्या आणि इन्व्हर्टरही थ्री फेज घ्या. करंट तीन वायरींत वाटला जातो, न्यूट्रलमधून जवळजवळ काही जात नाही, म्हणून तेवढ्याच जाडीच्या केबलमध्ये चढ एकषष्ठांश होतो. तुमचे साडेपाच व्होल्ट एकाच्या आत येतात.

आता वीज कार्यालय. आमच्या तक्रारीवर उत्तर आलं की इन्व्हर्टर खराब आहे. बसवणारी कंपनी म्हणाली, लाइन खराब आहे. कार्यालयातून माणूस आला तो संध्याकाळी. व्होल्टेज तपासलं, २३४ निघालं, "सर्व ठीक" असा शेरा मारून फाइल बंद. दुपारची तक्रार संध्याकाळी तपासायची, याचा राग अजून जात नाही. सूर्य मावळल्यावर चढलेलं व्होल्टेज कुठून दिसणार? म्हणून तोंडी काही बोलू नका. व्होल्टेज नोंदवणारा लॉगर आठवडाभर लावा, १० मिनिटांच्या सरासरीचा तक्ता जोडून लेखी अर्ज द्या, आणि तपासणी दुपारीच व्हावी असं त्यात लिहा. मागणीही नेमकी करा: डीपीचा (तुमच्या भागातल्या ट्रान्सफॉर्मरचा) टॅप, म्हणजे बाहेर पडणारं व्होल्टेज ठरवणारी जोडणी, एक पायरी खाली घ्यावा (पायरी सहसा अडीच टक्क्यांची, म्हणजे पावणेसहा व्होल्ट), किंवा कनेक्शन कमी व्होल्टेजच्या फेजवर टाकावं. टॅपला ते कचरतील, कारण लाइनच्या शेवटच्या घरांना संध्याकाळी व्होल्टेज कमी पडू शकतं. ती अडचण खरी आहे. फेज बदलायला तेवढी हरकत नसते. हे सगळं सिस्टिम बसवण्याआधी करा, नंतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

कुणी "सेटिंगमध्ये मर्यादा २६५ करून देतो" म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नका. इन्व्हर्टर चालेल, पण घरातला फ्रिज आणि शेजाऱ्यांची उपकरणं तेच व्होल्टेज खातील, शिवाय ग्रिडची परवानगी धोक्यात.

पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन, गीझर दुपारी चालवले तर चढ थोडा कमी होतो, फुकटात. पण त्यावर सिस्टिमचा आकार ठरवू नका, घर बंद असलेल्या दिवशी तो आधार नाही.

एक राहिलं. कोटेशनमध्ये डीसी कनेक्टरची (पॅनलच्या वायरी जोडणाऱ्या प्लगची) कंपनी लिहून घ्या. पॅनलचा एका कंपनीचा आणि केबलचा दुसऱ्या कंपनीचा कनेक्टर एकमेकांत बसतो, घट्टही वाटतो, पण आतला संपर्क नीट नसतो, तापतो आणि वितळतो. दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या हव्यात. बसवताना गच्चीवर जाऊन स्वतः बघा.

चाचणीचे आकडे आले की इथेच टाका. रिकामं व्होल्टेज आणि हीटर लावल्यानंतरचं, दोन्ही. त्यावरून ५ किलोवॉट झेपेल की ३ वर थांबावं ते सांगता येईल.